पाट्यांची गाडी, कॉइलची गाडी आणि पाच दिवसांचा महामार्ग

निघण्याआधीचा दिवस

दोन फोर बाय फोर गाड्या, एकच मार्ग. पहिली पंचवीस वर्षं जुनी: चारही चाकांवर पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच ताठ कणा), बॉक्सचं (दात्यांच्या पेटीतून चालणारं) स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. दुसरी दोन वर्षांची: पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे कॉइलवर (वेटोळ्याच्या स्प्रिंगवर) सॉलिड ॲक्सल, रॅक-पिनियन स्टिअरिंग, चारही चाकांना डिस्क आणि ईएसपी (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा). जुन्या ऑफ-रोड गाड्या महामार्गावर 'भरकटतात' असं सरसकट म्हटलं जातं. त्या भरकटण्यातला किती भाग घडणीतला आणि किती ढिलाईतला, हे वेगळं केल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. ढिलाई पान्यानं आवळता येते. घडण आवळता येत नाही, तिथे वेगच कमी करावा लागतो.

नवी गाडी वीस मिनिटांत तपासून झाली. जुनीला सगळी दुपार लागली, आणि ती लागायलाच हवी.

सुरुवात स्टिअरिंगच्या प्लेपासून, म्हणजे मोकळ्या हालचालीपासून. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बोटांनी हलवलं, तर चाक हलायच्या आधी कड्यावर ४० मिलिमीटर मोकळं जात होतं. एकानं स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली जाऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा. कुठल्या सांध्यात आधीचा दांडा हलतो आणि पुढचा थांबतो, ते हाताला लगेच कळतं. गाडी या वेळी चाकांवरच उभी हवी. जॅकवर उचललेल्या गाडीत सांध्यांवर भार नसतो, त्यामुळे ढिला सांधाही घट्ट वाटतो. ड्रॅग लिंकचं (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) एक टोक आणि टाय रॉडचं (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं) डावं टोक गेलेलं निघालं. दोन्ही बदलल्यावर प्ले २० वर आला. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू सगळ्यात शेवटी, चाकं सरळ ठेवून, एका वेळी अष्टमांश फेराच फिरवायचा. बॉक्समधले दाते मधोमध सर्वांत घट्ट बसतात. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला तर सरळ जाताना स्टिअरिंग अडकतं, आणि वळण संपल्यावर ते परत येत नाही. पुष्कळ गाड्यांत सांधे तसेच ठेवून आधी हा स्क्रू पिळला जातो आणि रोग तिथेच राहतो.

मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. प्ले जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती. इथे बेअरिंग ढिलं होतं. किंगपिन त्या दिवशी ठीक वाटला. त्याबद्दल चौथ्या दिवशी.

पाट्यांचे बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) चिरलेले होते. चार पाटे, प्रत्येकी तीन जागा, म्हणजे बारा जागचे बुश. नवे घालताना बोल्ट हातानं बसवून ठेवायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा. गाडी हवेत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही आठवड्यांत फाटतं.

टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर दगडासारखं, असे टायर ऑफ-रोड गाड्यांवर फार सापडतात, कारण त्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. हवा थंड टायरमध्ये भरली: जुनीत पुढे २८, मागे ३०; नवीत दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे ३३ आणि ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक).

शेवटचं काम छपराचं. जुनीच्या छपरावर डिझेलचे कॅन, पाणी आणि जास्तीचं चाक मिळून ८० किलो बांधलेलं होतं. गाडी १६०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ६५० मिलिमीटरवर, दोन चाकांमधलं अंतर १३४० धरलं, तर निम्मं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची म्हणजे ६७० भागिले ६५०, १.०३. छपरावरचे ८० किलो १९५० मिलिमीटर उंचीवर आहेत. ते धरल्यावर गुरुत्वमध्य ७१२ वर जातो आणि भागाकार ०.९४ वर येतो. सेदान गाड्यांत हाच आकडा साधारण १.३ च्या वर असतो; तो जितका कमी, तितका उलटण्याचा धोका जास्त. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं २००१ च्या मॉडेलपासून गाडी उलटण्याच्या धोक्याचं रेटिंग याच भागाकारावर द्यायला सुरुवात केली. छपरावरचं सगळं उतरवून जमिनीलगत, मागच्या ॲक्सलच्या पुढे बांधलं. मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकवलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं, आणि हलकी चाकं स्टिअरिंगचं ऐकत नाहीत.

पहिला दिवस: सरळ महामार्ग, ३१० किमी

ताशी ६० पर्यंत जुनी शहाण्यासारखी चालली. ७५ नंतर ती लेनमध्ये हळूहळू एका कडेला सरकू लागली, दुरुस्त केलं की दुसऱ्या कडेला. समोरून किंवा शेजारून ट्रक गेला की आधी हवेचा लोंढा बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे सरकला की आत ओढतो. नवी गाडी हा धक्का अंगावर घेऊन सरळ जाते. जुनीत चालकाला दोन्ही वेळा दुरुस्ती करावी लागते, आणि प्रत्येक दुरुस्तीत स्टिअरिंग आधी मोकळा प्ले ओलांडतं, मग चाक हलतं. म्हणून घट्ट पकडून झटके दिले की गाडी आणखी डुलते. हात सैल ठेवून, रस्त्याचा उतार ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध हलका, सतत दाब ठेवायचा. मग प्ले एकाच बाजूला जमा राहतो आणि जाणवेनासा होतो.

पण चालवण्याची हातोटी हा इलाज नव्हे. संध्याकाळी मुक्कामाच्या सपाट फरशीवर टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, मोजला. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूनं खूण केली आणि खुणांमधलं अंतर टेपनं घेतलं. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे, त्याच उंचीवर आणल्या आणि पुन्हा मोजलं. पुढचं माप मागच्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त होतं, म्हणजे चाकं बाहेर फाकलेली. टाय रॉडची टोकं बदलताना लांबी मूळ मापावर आणली नव्हती, त्याचा हा परिणाम. लॉकनट सोडून रॉड फिरवला आणि पुढचं माप मागच्यापेक्षा २ मिलिमीटर कमी होईपर्यंत आणला. रेडियल टायरला १ ते ३ मिलिमीटर आत पुरे.

दुसरी उणीव कॅस्टरची. किंगपिनचा वरचा टोक मागे कललेला असायला हवा. त्या कलामुळेच चाक सायकलच्या पुढच्या चाकासारखं आपोआप सरळ होतं. कोनमापक लावल्यावर अवघे दीड अंश निघाले. या गाडीला आधीच्या मालकानं उंची वाढवायला लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला टांगणारे दुवे) बसवलेले आहेत. शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर त्याची लांबी वाढली की ॲक्सल पुढे वळतो आणि कॅस्टर जातो. जवळच्या गॅरेजमध्ये पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये अडीच अंशांच्या पाचरी घातल्या. पाचरी पोलादी घ्याव्यात, ॲल्युमिनियमच्या चिरडतात. काढलेले यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) परत वापरायचे नाहीत, नवेच लावायचे, आणि चारही नट आळीपाळीनं, आमनेसामने आवळायचे. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून एक पिवळी रेघ ओढून ठेवली. कॅस्टर वाढला की डिफचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) नाक खाली झुकतं आणि तिथे ताकद आणणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त कोनात जातो. तो कुठे टेकत नाही ना, हे हातानं फिरवून पाहायलाच हवं.

दुसरा दिवस: घाट, १४० किमी

सकाळच्या सरळ टप्प्यावर फरक तत्काळ कळला. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून स्वतः परत येऊ लागलं. उभ्या गाडीत ते थोडं जड झालं, ही त्याची किंमत.

नव्या गाडीला घाटात फारसं काही सांगावं लागलं नाही, फक्त तिचं वजन लक्षात ठेवावं लागलं. ती जुनीपेक्षा सुमारे ४०० किलोनं जड आहे. ऑटोमॅटिक गिअर उतारावर आपोआप वरचा गिअर घेतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून ठेवला.

जुनीची गोष्ट इथे रंगते. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० नं गेलं तर गाडीवर ०.३३ जी (एक जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका) बाजूचा ओढा येतो, ताशी ६० नं ०.४७. वेग पाचव्या हिश्शानं वाढला आणि ओढा दीडपटीला जवळपास भिडला. हे आकडे १.०३ पासून दूर वाटतात, पण ते गणित ताठ ठोकळ्याचं आहे. खऱ्या गाडीत पाटे दबतात, टायरची बगल मुडपते आणि वजन बाहेरच्या बाजूला सरकतं, त्यामुळे खरी मर्यादा खाली येते. त्यात एका दिशेला वळवून लगेच दुसरीकडे वळवलं तर पहिल्या झोक्याची ऊर्जा दुसऱ्यात मिसळते. लागोपाठच्या नागमोडी वळणांत पहिल्या वळणानंतर गाडी सरळ बसू द्यायची, मगच दुसरं घ्यायचं.

उतारावर ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली. ओढण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचे इलाजही वेगळे. पाच-सहा ब्रेक दाबून थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेला. स्पर्श करायचा नाही, चटका बसतो. एक बाजू स्पष्ट गरम लागली असती तर कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) अडकलेला. दोन्ही सारख्याच होत्या. म्हणजे कारण पाट्यांत: ब्रेक लागला की ॲक्सल स्वतःभोवती पुढे वळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुडपतो, ड्रॅग लिंक मात्र जागची जागी राहते, आणि नकलवरचा (चाक धरणाऱ्या वळत्या भागावरचा) दांडा तिच्या सापेक्ष सरकून चाक वळवतो. हा जुन्या घडणीचा गुण आहे. जुने, मऊ झालेले पाटे बदलले तर कमी होतो, पूर्ण जात नाही. ब्रेक आधी सरळ रस्त्यात लावून घ्यायचा, वळणात नाही.

मागच्या ड्रमचं प्रकरणही बघितलं. अशा अनेक गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांड्यानं जोडलेला एक व्हॉल्व असतो. मागचा भाग खाली बसला की तो समजतो गाडी भरली, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केल्यावर दांडा तसाच ठेवला तर व्हॉल्वला गाडी कायम रिकामी वाटते, मागचे ब्रेक अर्धवट चालतात आणि पुढचे तापतात. दांड्याची बैठक जेवढी उंची वाढवली तेवढीच सरकवावी लागते. ही सरकवलेली होती.

तिसरा दिवस: नदीचं पात्र आणि वाळू

थोडक्यात, कारण हा लेख डांबरावरचा आहे. दोन्ही गाड्यांची हवा १८ वर आणली. खडकांत जुनीचे पाटे आणि सॉलिड ॲक्सल आरामात वाकत गेले. नवीचं पुढचं चाक एकदा हवेत उचललं गेलं आणि ब्रेकच्या मदतीनं ताकद दुसऱ्या चाकाकडे वळली. महामार्गावर जे घट्ट हवं ते इथे सैल हवं असतं, म्हणून काही गाड्यांत अँटी-रोल बार (गाडीला एका बाजूला झुकू न देणारा दांडा) सोडायची सोय असते. इथे सोडलेला बार डांबरावर चढायच्या आधी जोडायलाच हवा.

चौथा दिवस: चिखलातून परत महामार्गावर, २२० किमी

डांबर दिसताच थांबून चारही टायरमध्ये हवा भरली. १८ पीएसआयवर महामार्गाच्या वेगानं गेलं तर बगल प्रत्येक फेऱ्यात मुडपून तापते आणि टायर आतून सुटतो. मग फोर बाय फोर काढायला घेतलं. जुनीचा ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याचा) दांडा निघेना, कारण कोरड्या डांबरावर थोडं अंतर फोर हायमध्येच (चारही चाकं जोडलेली, जलद गिअर) गेलं होतं आणि पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठला होता. चार-पाच मीटर सरळ मागे घेतल्यावर दांडा सुटला, मग पुढचे हब मोकळे केले. नवीत फोर लोमध्ये (चारही चाकं, मंद गिअर) ईएसपी बंद झालेलं असतं. टू हायमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) आल्यावर दिवा विझला का, हे बघायचं.

ताशी ५५ ला जुनीचं स्टिअरिंग बारीक थरथरू लागलं. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाची मूठभर ढेकळं चिकटलेली होती. चाक बॅलन्स करताना ५-५० ग्रॅमची शिसं लावतात, इथे एका बाजूला त्याच्या कितीतरी पट वजन. स्क्रूड्रायव्हरनं खरवडून पाणी मारलं आणि थरथर गेली.

मग पुलाच्या सांध्यावर ताशी ७० ला चाक आदळलं, आणि पुढचा ॲक्सल जोरात डावीउजवीकडे झटके देऊ लागला. स्टिअरिंगचं कडं हातात उड्या मारत होतं. अशा वेळी जोरात ब्रेक लावायचा नाही, पुढच्या चाकांवर भार वाढून झटके वाढतात. ॲक्सिलरेटर सोडायचा, अंगठे कड्याच्या बाहेर ठेवायचे, कडं घट्ट पण स्थिर धरायचं आणि वेग ४० च्या खाली जाऊ द्यायचा. तिथे ते थांबलं.

कडेला उभं करून क्रमानं तपासलं: टाय रॉडची टोकं, पाट्यांचे बुश, यू-बोल्ट, बेअरिंग. सगळं ठीक. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा भाग) काढून पाहिला आणि चाक वर-खाली हलवलं, ब्रेक दाबून. आता प्ले होता. डाव्या किंगपिनच्या वरच्या टोपीचे दोन बोल्ट खडकांत ढिले झाले होते आणि बेअरिंगवरचा दाब गेला होता. डॅम्पर लहान झटके गिळत होता, म्हणून सकाळपर्यंत काही कळलं नाही. डॅम्पर नवा घालून हा आजार 'बरा' करणं म्हणजे तो पुढच्या पुलापर्यंत लांबवणं. टोपी काढून एक पातळ शिम (जाडी भरणारी चकती) कमी केली, बोल्ट आवळले. टाय रॉड सोडून नकल हातानं फिरवल्यावर सलग, जाणवेल असा विरोध हवा. मोकळा फिरला तर दाब कमी, अडखळत फिरला तर बेअरिंगला खड्डे पडले. इथे सलग फिरला.

सॉलिड ॲक्सल मुळातच वाईट असं यावरून मुळीच ठरत नाही. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सलच होते, पण कॉइलवर, आणि ते जागी धरायला वेगळे दांडे होते. २०१८ च्या सुझुकी जिम्नीतही सॉलिड ॲक्सल आहेत, जोडीला स्टिअरिंग डॅम्पर आणि ईएसपी. फरक पडतो तो ॲक्सल जागी धरण्याचं काम कोण करतं यानं. पाट्याला वजनही उचलावं लागतं, ब्रेकचा पीळही सोसावा लागतो आणि ॲक्सल सरळही ठेवावा लागतो. कॉइल फक्त वजन उचलते, बाकीची कामं दांडे करतात.

नवीलाही त्या खडकांनी सोडलं नव्हतं. सरळ जाताना स्टिअरिंग थोडं तिरकं राहत होतं आणि एका लांब वळणावर ईएसपीचा दिवा कारण नसताना चमकला. पुढच्या चाकाचा टो दगडाला लागून बिघडला होता. ईएसपी चालकाला कुठे जायचंय हे स्टिअरिंगच्या कोनावरून ओळखतं आणि गाडी खरोखर किती वळतेय हे वेगळ्या सेन्सरवरून. स्टिअरिंग तिरकं असताना गाडी सरळ जात असेल तर त्याला दोन विसंगत गोष्टी दिसतात. नुसतं अलाइनमेंट करून भागत नाही, नंतर स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरला नवा शून्य शिकवावा लागतो. लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवल्यावर हे काम हमखास राहून जातं.

पाचवा दिवस: पाऊस आणि वारा, २८० किमी

जुनीचा कमाल वेग ताशी ७० ठेवला, नवीचा ८५. जुनीवर मड-टेरेन टायर होते. मोठे ठोकळे चिखल फेकायला चांगले, पण ओल्या डांबरावर टेकणारं रबर कमी, आणि जोरात वळवलं की ठोकळे वाकतात. नवीच्या ऑल-टेरेन टायरची पकड स्पष्ट जास्त होती. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला ब्रेक हलका लागतो, म्हणून साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर चालत्या गाडीत ब्रेक दोनदा हलके दाबून कोरडे केले. वेग ८० वरून १०० केला तर ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर ५६ टक्क्यांनी वाढतं, गाडी कोणतीही असो.

दुपारी पुढच्या गाडीच्या मागून एक टायरचा तुकडा लेनमध्ये आला. नवीनं झटक्यात लेन बदलली. मागचा भाग बाहेर घसरायला लागला तसा बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागल्याची कटकट ऐकू आली आणि गाडी सरळ झाली. गाडी कमी वळली असती तर हीच यंत्रणा आतल्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. बॉश आणि मर्सिडीज यांनी ही यंत्रणा १९९५ मध्ये बाजारात आणली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये अचानक लेन बदलण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, त्यानंतर त्या गाडीत ती सरसकट बसवली गेली. उंच गाड्यांना तिचा फायदा सर्वांत मोठा आहे, कारण घसरून आडवी झालेली उंच गाडी कडेच्या मातीत चाक रुतलं की उलटते. सपाट डांबरावर नुसत्या वेगानं उलटणं त्या मानानं विरळा.

तरीही नवीचा भागाकार अंदाजे १.०८ आहे, जुनीपेक्षा जरासा जास्त, कारण ती रुंद आहे तशी उंच आणि जडही. छपरावर ८० किलो बांधले तर तोही १.०१ पर्यंत घसरतो. ईएसपी घसरण आवरतं, गुरुत्वमध्य खाली आणत नाही.

जुनीनं तोच तुकडा लेन न बदलता, वेग कमी करून, दोन चाकांच्या मधून घेतला. तिच्यासाठी हाच योग्य निर्णय. तिचं चाक कधी डांबराच्या कडेवरून खाली उतरलंच तर झटक्यानं वर घ्यायचं नाही. सरळ धरून ३० च्या खाली यायचं, मग कोन देऊन चढायचं.

मुक्कामाला पोचल्यावर पाना हातात घेऊन पुन्हा खाली. मागच्या यू-बोल्टच्या नटांना एकही वळसा बसला नाही. पुढच्या उजव्या बाजूला पाव फेरा बसला, पाचरीवरचा रंग दबल्यामुळे तो अपेक्षित. पुढच्या डाव्या एका नटाची पिवळी रेघ मात्र पट्टीवरच्या रेघेपासून ४ मिलिमीटर सरकलेली होती. म्हणजे तिथे रंग दबलेला नाही, नट स्वतः फिरलाय, लॉकनटची पकड गेलीय. तो नट तिथेच नवा लावला, पुन्हा रेघ ओढली, आणि पुढच्या १०० किलोमीटरनंतर ती बघायची.